नांदेडहून बंगळूर, प्रस्थानासकट

कुरुंदा,
५ जानेवारी २०२६

ती. आक्कास, अनुसूयाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडले की गल्ली जमा होते, म्हणून पत्र. आपल्या प्रतिक्षाचं बाळंतपण ऑपरेशनने करायचं ठरलं. तारीख वीस. डॉक्टर तिला प्रवास करू देत नाहीत, म्हणून मीच बंगळूरला जाते. मागच्या खेपेला रेल्वेत दिवस-रात्र गेली. मी पोचले तोवर लेकरू गेलेलं, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली. या वेळी आई आल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने नवऱ्याला बजावलंय.

सूर्यकांतराव जावयांनी नांदेडहून विमानाचं तिकीट काढलं. रस्त्याने आठशेच्या वर किलोमीटर, आणि विमान म्हणे दीड तासात नेतं. तुझ्याकडे बाळापूरला एस.टी.ने यायला मला याहून जास्त वेळ लागतो!

पण निघायचं एकोणीसला, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून सोळा तारखेला, शुक्रवारी, पद्माबाईकडे प्रस्थान ठेवते. चांगल्या दिवशी एक पिशवी शेजारी ठेवली, म्हणजे निघाल्यासारखंच. पिशवीत काय ठेवू, ते कळव.

तुझ्या मायेची,
अनुसूया

आखाडा बाळापूर,
९ जानेवारी २०२६

चि. सौ. अनुसूयास, केशरबाईचे अनेक आशीर्वाद.

सुपारी आणि हळकुंड तर ठेवच. पण आपली आई म्हणायची, ज्याच्यावाचून पाऊल अडेल अशी वस्तू प्रस्थानात हवी, तरच ते खरं. आणि पिशवी परत घरात आणायची नाही, जाता जाता उचलायची. विमानात खिडकीशी बसू नकोस, तुला झोक्यावरही चक्कर येते.

पोरीची मला फार काळजी लागली आहे. पोचल्याचं लगेच लिही.

तुझी,
आक्का

बंगळूर,
२४ जानेवारी २०२६

ती. आक्कास सा. न. वि. वि.

आधी गोड बातमी. प्रतिक्षाला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

आता तुझ्या सल्ल्याची गंमत ऐक. ज्याच्यावाचून पाऊल अडेल म्हणून मी पिशवीत आधार कार्ड ठेवलं. सोमवारी गाडी दारात, आणि पद्माबाईच्या घराला कुलूप! सोमवार म्हणून ती पहाटेच औंढ्याला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला गेलेली. आधारशिवाय विमानात कोण घेतं? मी ओट्यावर बसून रडायला लागले. हे म्हणाले, रडून काहून राहिली, फोन लाव. पद्माबाई रांगेत पार गाभाऱ्याच्या दाराशी पोचली होती. तशीच मागे फिरली आणि भाच्याच्या मोटारसायकलवर आली. दर्शन राहिलं म्हणून मी हात जोडले, तर म्हणाली, देव कुठं पळून चालला न्हाई, तू निघ आधी.

विमान मिळालं. खिडकीशीच बसले, आणि चक्कर आली नाही. डोळे पुसून होईतो बंगळूर आलं.

दुसऱ्या दिवशी आत नेताना प्रतिक्षाने माझा हात धरला होता. शुद्धीवर आल्यावर तिने बाळाला पाहिलं आणि जी रडायला लागली, ती थांबेना. नर्स घाबरली. मी नाही घाबरले. आक्का, पहिल्या लेकरासाठी ती माझ्यासमोर कधी रडलीच नव्हती. मी उशिरा पोचले होते ना. या वेळी ती माझ्या गळ्यात पडून त्याच्यासाठी पोटभर रडली, आणि मग हात पुढे करून म्हणाली, आता हिला दे.

तुझा जीव आमच्यावर आहे, तसाच असू दे.

तुझी,
अनुसूया