पाइप गटारातून गेला होता

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या मे महिन्याचा माझा राग काही जात नाही. काल आमच्या खरवईच्या सोसायटीत टाकी धुवायला माणसं आली, तेव्हा सेक्रेटरी हसत म्हणाले, "सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणजे काय, गटारं बघणारा." मी म्हटलं, माझे वडील तेच होते. ते ओशाळले. पण तुम्ही गटारात काय बघितलं होतं, ते जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, मी बारावीला होते. उल्हासनगरच्या एका गल्लीत, जिथे घरोघर बायका पापड लाटायच्या, तिथे पोरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. आठवडाभर तुम्ही तिथेच. मी डबा घेऊन गेले, तर तुम्ही एका ओट्यावर ग्लासात नळाचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकत होतात. "क्लोरीन असेल तर पिवळं होतं," मला म्हणालात. आपण तिघं बघत राहिलो. तिसरी होती त्या घरातली सिंधी बाई, जिची मुलगी दोन दिवसांपूर्वी गेली होती. पाणी होतं तसंच राहिलं. "साईं, मेरी बच्ची यही पानी पीती थी," ती म्हणाली. रडली नाही. तुम्ही चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि गटारात उतरलात. काळ्या पाण्यात हात घालून नळाचा पाइप चाचपत चाचपत पुढे जाताय, गल्लीतली माणसं नाकाला पदर-रुमाल लावून बघतायत, आणि मला लाज वाटतेय. कोपऱ्यावर तुमचा हात थांबला. पाइपचा जोड सडला होता. तुम्ही दाबलंत तर गंजाचा तुकडा हातात आला.

तुम्ही तसाच रिपोर्ट लिहिलात. नगरपालिकेतल्या तुमच्या साहेबांनी तो परत केला. "पाइप कशाला लिहिता? कोपऱ्यावर बर्फाचा गोळेवाला बसतो ना? उघड्यावरचे पदार्थ, असं लिहा." तुम्ही म्हणालात, "त्या मुलीनं गोळा खाल्लाच नव्हता. तिच्या आईला विचारलंय मी." बदललेल्या रिपोर्टवर दुसऱ्या इन्स्पेक्टरनं सही केली. त्या म्हाताऱ्या गोळेवाल्याची गाडी गल्लीतच फोडली, त्याच्या सरबताच्या बाटल्या गटारात ओतल्या, आणि लोकांना वाटलं, चला, काहीतरी कारवाई झाली. नळाला तेच पाणी येत राहिलं. तुम्ही घरोघर जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगत फिरलात, तेही तुमच्याविरुद्ध धरलं: लोकांत घबराट पसरवली म्हणे.

तुमची बदली करून तुम्हाला जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. तिथे ती बाई दाखल्यासाठी आली. मृत्यूच्या कारणापुढे वरून आलं होतं तेच तुम्हाला रजिस्टरात उतरवायचं होतं. ते तुम्ही घरी सांगितलंत, एवढंच. तिच्याकडे वर बघितलंत की नाही, ते सांगितलं नाहीत. पुढे वर्षभरानं रस्ता खोदला तेव्हा पाइप गुपचूप बदलला गेला. कुणी कुणाची माफी मागितली नाही. तुमच्या निरोप समारंभात त्याच साहेबांनी तुम्हाला शाल घातली आणि म्हणाले, "अतिशय सहकार्य करणारे गृहस्थ." तुम्ही नमस्कार केलात. मी तेव्हा तुमच्यावरही चिडले होते.

पण बदली झाली त्या संध्याकाळचं कुणालाच माहीत नाही. जुन्या जागेबरोबर मिळालेलं क्वार्टर सोडून बुवापाड्याच्या एका खोलीत जायचं ठरलं होतं, आई भांडी बांधत होती. तुम्ही जेवायला बसलात. मी म्हणाले, "अण्णा, एक सही तर करायची होती. तशीही ती मुलगी गेलीच होती." तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि ताट माझ्यापुढे सरकवलंत. "जेव," म्हणालात.

तुमची गोष्ट मी माझ्या मुलीला पुष्कळदा सांगते. गटारापासून शालीपर्यंत, सगळी. माझं ते वाक्य मात्र दर वेळी गाळते.