अकरा हिरवे दिवे

४ फेब्रुवारी
झाली एकदाची इंटरनेटची यादी! राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांच्या ओळी हिरव्या. शेवटची खूण माझ्या हातची. साहेबांनी चहा पाजला. वीस तारखेला मंत्री येऊन आकडा वाचणार.

६ फेब्रुवारी
डोंगरावरच्या शाळेतून मुख्याध्यापिकाबाईंचा फोन. इंटरनेट नाही म्हणतात. मी ठसक्यात सांगितलं, इथे हिरवं दिसतंय.

"हिरवं असेल हो मॅडम, पण डबा कुठाय?"

तार म्हणे भिंतीपर्यंत आलीय. राउटरचा डबा घेऊन कुणी फिरकलंच नाही. शिष्यवृत्तीचे अर्ज वीस तारखेच्या आत भरायचेत, मुलं एकतीस. बाईंनी त्यांना घेऊन शहराची एक फेरी केली, दिवसभरात पाच अर्ज झाले. मी म्हटलं, "बघते." आमच्या ऑफिसात 'बघते' म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

७ फेब्रुवारी
दाढ ठणकतेय. बाकी काही नाही.

१० फेब्रुवारी
बाईंचा परत फोन. रागावत नाहीत, त्याचाच जास्त त्रास होतो. शेवटी नोंद उघडली. राउटर पहिल्यांदा सुरू झाला की ती ओळ आपोआप हिरवी होते. ही झाली १८ जानेवारीला, दुपारी चारला. रविवारी! आणखी दहा शाळा त्याच दुपारी, दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं.

 त्या रविवारी नवरोबा राउटर घरी घेऊन आला होता. शाळांत ते बसवायचं काम त्याचंच, कंत्राटदाराकडे. डोंगर चढून गेल्यावर डबा बिघडलेला निघाला तर दिवस फुकट, म्हणून हा आधी घरच्या इंटरनेटला जोडून बघतो. हा कपाटामागे वायर खुपसून ओरडायचा, "हिरवा?" आणि मी इकडून, "हिरवा. पुढचा!" काय हसलो होतो!

सोमवारी त्या अकरा हिरव्या ओळींपुढे 'काम पूर्ण'च्या खुणा मी केल्या. आधी शाळेला फोन करायचा नियम आहे. नाही केला. खूण झाल्यावर याचं काम 'पूर्ण' दिसलं आणि याला दुसरीकडे पाठवलं.

घरी येऊन दिवाण उघडला. गोधड्यांखाली अकरा डबे. तीन आठवडे मी त्यांच्यावर झोपतेय!

११ फेब्रुवारी
त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटलं तिथे दुसऱ्या कुणी दुसरे डबे बसवले. हे परत द्यायचे राहिले बघ." मग म्हणाला, "महिनाअखेर गुपचूप लावून येतो. तू खुणा पुसू नकोस. कळलं तर कंत्राटदार मला दारात उभा करणार नाही."

भीती मलाही वाटते. पण महिनाअखेर म्हणजे त्या मुलांचे अर्ज गेले.

१२ फेब्रुवारी
पुसल्या. अकरा ओळी पुन्हा लाल; आता शाळेत डबा सुरू होईल तेव्हाच हिरव्या होतील. लिहून दिलं — राउटर आमच्या घरी सुरू झाले होते, फोन न करता खूण मी केली. साहेबांनी कागद दोनदा वाचला. "मंत्री आठ दिवसांवर आलेत, कळतंय ना?" कळतंय म्हटलं. 

संध्याकाळी त्याच्या कानावर घातलं. जेवला. एक शब्द नाही.

१४ फेब्रुवारी
अबोला चालूच. आज भाजी अळणी झाली, तरी मीठ मागितलं नाही. उठून स्वतः घेतलं! हट्टी तो हट्टीच. मला रडू आलं, पण त्याच्यासमोर नाही.

१६ फेब्रुवारी
सकाळी उठले तर हा घरात नाही.

साडेअकराला डोंगरावरच्या बाई फोनवर. "मॅडम, एक जण डबा घेऊन आलेत. शिडीवरून तुम्हाला काहीतरी विचारतायत."

मागून त्याचा आवाज. चार दिवसांनी. "हिरवा?"

पडद्याकडे बघितलं. सगळं ऑफिस वळून बघेल एवढ्या जोरात ओरडले, "हिरवा. पुढचा!"