डबा खाणारी मुलगी

प्रिय नूला,

तुला मातीत ठेवून तीन आठवडे झाले. त्या दिवशी चर्चमध्ये मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसले होते. तुझ्या चित्रांवर पुस्तक लिहिणारे गृहस्थ डब्लिनहून आले होते. इथल्या, मेलबर्नच्या गॅलरीच्या बाई होत्या, तुझे जुने विद्यार्थी होते. सगळे छान बोलले. तू आयर्लंडची केवढी मोठी चित्रकार, तुझी चित्रं कुठल्या कुठल्या म्युझियममध्ये लागलीत, सगळं सांगून झालं. मग फादरनी विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत का?" मी पर्स बाजूला ठेवली, उठायची तयारी केली आणि तशीच बसून राहिले. बाहेर येऊन गाडीत खूप रडले.

तेव्हा बोलले नाही, म्हणून आता लिहितेय.

आधी इंग्रजीत सुरुवात केली होती. दोन ओळी झाल्यावर वाटलं, ऑफिसात कुणाला तरी मेल करतेय. पुसून टाकलं. तुला मराठी कुठे यायची? पण मला मात्र सारखी बोलायला लावायचीस. "तुझ्या भाषेत बोल, लव्ह. तेव्हा तुझा चेहरा मोकळा होतो." तुझी आजी आयरिश बोलायची, आणि तुझ्यापर्यंत येता येता त्या भाषेतल्या चार प्रार्थना आणि तीन शिव्या उरल्या, असं सांगून हसायचीस. तर घे, मराठीत लिहितेय! कराडमध्ये तुझ्या वयाच्या बाईंना मी 'अहो' म्हटलं असतं. तुला कधी म्हटलं नाही, आता कशाला म्हणू?

पहिली भेट आठवते? फुटस्क्रे उपनगरातलं लोकरीचं जुनं गोदाम. खाली दोन ऑफिसं, वर तुझा स्टुडिओ. मी मास्टर्सच्या दुसऱ्या सेमिस्टरला होते. सकाळी युनिव्हर्सिटी, दुपारी सफाईची शिफ्ट. तेव्हा आमच्यासारखी मुलं मेलबर्नभर होती. पेट्रोलपंपावर, टॅक्सीत, हॉटेलांच्या मोऱ्यांत. एका घरात आम्ही सहाजणी राहायचो आणि सहाही जणी घरी फोनवर सांगायचो, सगळं मस्त चाललंय. मी अप्पांना सांगितलं होतं, ऑफिसात लागले. खोटं कुठे होतं? ऑफिसातच होते की. बादली घेऊन!

अप्पांना खरं सांगवत नव्हतं. माझे वडील शाळेत शिपाई. तीस वर्षं त्यांनी वर्ग झाडले, घंटा दिली, पोरांच्या उलट्या पुसल्या. आई लवकर गेली, तेव्हापासून घरातलंही सगळं तेच करायचे. मी केरसुणी उचलली की हातातून काढून घ्यायचे. "तू अभ्यास कर. झाडायला मी आहे." अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?

तर त्या दिवशी मी मॉप घेऊन वर आले आणि तू ओरडलीस, "ती फरशी पुसू नकोस! माझी दहा वर्षं जातील!" मी दारातच थिजले. मग बघितलं, फरशीभर वाळलेल्या रंगांचे थर होते. तू हसत होतीस. साठी ओलांडलेली, पुरुषी शर्ट घातलेली, कानावर कोळशाचा डाग. म्हणालीस, "जेवलीस का?" परदेशात तोपर्यंत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी बादली उलटी करून बसले, डबा उघडला. पोळीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी. तू काळाकुट्ट चहा करून आणलास, आणि माझ्याकडे बघता बघता कप हातात धरून तशीच उभी राहिलीस.

"अशीच बस. मला तुला काढायचंय."

सहा गुरुवार मी त्या बादलीवर बसले. सफाईच्या कंपनीला सांगून तू माझी शिफ्ट तासाने वाढवून घेतलीस, तेव्हा कुठे मी तयार झाले. तू काढत होतीस आणि बोलत होतीस. तुझं अर्धं आयुष्य मला त्या सहा दुपारींत कळलं.

तुझी आई धक्क्यावर मासे साफ करायची. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं चाळीसेक घरांचं गाव. तू शिष्यवृत्ती मिळवून डब्लिनच्या आर्ट स्कूलला गेलीस. तिथे तुझ्या मास्तरांनी सांगितलं, माणसं काढायला आता कॅमेरा आहे, तू रेघा आणि रंग यांचा विचार कर. तू विचार केलास आणि पुन्हा माणसंच काढलीस. लंडनमध्ये शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवून पोट भरलंस आणि सुट्टीच्या दिवशी डांबर टाकणारे, बसचे कंडक्टर, हॉस्पिटलात चादरी धुणाऱ्या बायका काढत राहिलीस. कुणी विचारत नव्हतं. चाळिशीत तुझं पहिलं मोठं प्रदर्शन झालं आणि ज्यांनी तुला जुनाट म्हटलं होतं, तेच तुझ्या नावापुढे 'थोर' लावायला लागले. "मी तीच होते गं," तू म्हणायचीस. "त्यांचे चष्मे बदलले."

मग एका वर्षाच्या शिकवण्यासाठी मेलबर्नला आलीस आणि राहिलीसच. का राहिलीस, हे विचारलं की खिडकीकडे बोट दाखवायचीस. इथल्या उन्हात सावलीला कशी धार असते बघ, म्हणायचीस. मला तर ते ऊन नुसतं भाजायचं!

चित्र झाल्यावर तू मला विचारलं होतंस, हे मला मान्यच आहे. "लोक बघतील. चालेल ना?" मी म्हटलं, "नो वरीज." मला वाटलं, फुटस्क्रेतली चार माणसं बघतील. तू किती मोठी आहेस याचा मला तरी कुठे पत्ता होता?

आणि नेमकं त्याच सुमारास इथल्या भारतीय विद्यार्थ्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या तिकडच्या टीव्हीवर रोज येऊ लागल्या. इथल्या पेपरने तुझ्या प्रदर्शनाच्या बातमीत माझं चित्र छापलं. तिथून ते आमच्याकडच्या पेपरात गेलं. खाली मथळा, परदेशात मुलांचे हाल. शाळेत हेडमास्तरांनी तो पेपर अप्पांपुढे धरला. "शिपाईमामा, ही तुमची वैशू नव्हे?"

रविवारी कॉलिंग कार्डावरून मी फोन लावला. हवापाण्याचं बोलून झालं. मग अप्पा म्हणाले, "पेपरात तुझ्यासारखीच एक मुलगी आलीय. बादलीवर बसून जेवतेय."

मी म्हटलं, "ती मी नाही, अप्पा."

मग ते म्हणाले, "बरं."

माझ्या नाकातली चमकी त्यांनीच घेऊन दिलेली. ती चित्रात तू किती नीट काढली होतीस!

दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे येऊन तुला काय काय बोलले. तू माझा चेहरा विकलास, म्हणाले. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि तुझ्या आईची गोष्ट सांगितलीस, जी सहा गुरुवारांत सांगितली नव्हतीस. विद्यार्थिनी असताना तू आईला काढलं होतंस, कोपरापर्यंत माशांच्या रक्तात बुडालेले हात. त्या चित्राला बक्षीस मिळालं, पेपरात छापून आलं, आणि आठवड्याने गावातल्या दुकानदाराने त्याच पेपरात गुंडाळून तुझ्या आईला मासे दिले. तेव्हापासून तू घरी गेलीस की ती हात अॅप्रनखाली ठेवायची. शेवटपर्यंत.

मी म्हटलं, "म्हणजे तुला माहीत होतं. तरी पुन्हा तेच केलंस."

तुझा चेहरा पांढराफटक पडला. मी जिना उतरून निघून आले.

नूला, ते वाक्य मला परत घ्यायचंय. खोटं नव्हतं, पण माझ्या खोट्याचा राग मी तुझ्यावर काढला होता.

तू दुसऱ्याच दिवशी चित्र भिंतीवरून उतरवलंस. डब्लिनच्या म्युझियमने ते मागितलं होतं, त्यांना नाही म्हणालीस. हे मला फार उशिरा कळलं. तू तीन पत्रंही पाठवलीस. मी वाचली आणि एकालाही उत्तर दिलं नाही. काय लिहायचं तेच सुचत नव्हतं, असं मी स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे मला लाज वाटत होती.

दोन वर्षं गेली. मला पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी मिळाली, अकाउंट्समध्ये नोकरी लागली, वेरिबी उपनगरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अप्पा रिटायर झाले होते, त्यांना तीन महिने बोलावलं. एका शनिवारी आम्ही मेथी निवडत बसलो होतो. मान वर न करता अप्पा म्हणाले, "वैशू, ती चित्रातली मुलगी कुठे असते गं?"

माझे हात थांबले. "इथेच असते, अप्पा."

"बरी आहे का?"

"बरी आहे."

"तिला भेटलीस तर सांग. तिच्या बापाला लाज नाही वाटली. काळजी वाटली. आता मला ते चित्र दाखव."

त्या दिवशी मी मेथीच्या ढिगात तोंड खुपसून रडले, नूला. दुपारी आम्ही ट्रेनने फुटस्क्रेला आलो. तू दार उघडलंस. केस पूर्ण पांढरे झाले होते. माझ्याकडे बघितलंस, अप्पांकडे बघितलंस आणि दारातून बाजूला झालीस. अप्पांनी हात जोडले. "नमस्कार, बाई." शाळेतल्या शिक्षिकांना म्हणायचे तसं.

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. तू ते वळवलंस. अप्पा समोर उभे राहिले ते राहिलेच. मला वाटलं, आता काय म्हणतात? तर पहिलं काय म्हणाले, "मॉप नीट पिळलेला नाही." मी भाषांतर केलं आणि तू एवढ्या मोठ्याने हसलीस की अप्पा दचकले! मग ते जवळ गेले. बराच वेळ बघत राहिले. "बाईंना सांग, पोरगी जेवताना काढली, हे बरं केलं. फोनवर मी हेच विचारायचो, जेवतेस का? ही म्हणायची, हो. मला कुठे दिसत होतं?"

ते मी तुला इंग्रजीत सांगितलं. तू शर्टाच्या बाहीने डोळे पुसलेस आणि गालाला निळा रंग लागला.

मग तू अप्पांना विचारलंस, आता हे चित्र लोकांना दाखवू का? अप्पा म्हणाले, "तिला विचारा. चेहरा तिचा आहे." आणि मी हो म्हटलं. या वेळी कळून म्हटलं.

चित्र डब्लिनला गेलं. त्याचं पोस्टकार्डसुद्धा निघालं, म्हणे.

त्यानंतरची वर्षं आपण खरंच सुखात काढली, नाही? आमच्या दिवाळीला येऊन तू चकल्या मोडून चहात बुडवायचीस. माझी लेक, इरा, झाली तेव्हा हॉस्पिटलात येऊन तू माझ्याआधी तिचे कान बघितलेस. "अप्पांचे कान!" अप्पा आले की तुमचा रमीचा डाव. तुम्हाला एकमेकांचं अक्षरही कळायचं नाही, आणि तरी दोघंही दुसऱ्याने लबाडी केली म्हणून भांडायचात!

पण तुझ्यावर माझा राग आहे. कशी आहेस म्हटलं की तुझं ठरलेलं, "ग्रँड!" म्हणजे एकदम मस्त. हात थरथरायला लागले, तरी ग्रँड. चित्रं काढणं थांबलं, तरी ग्रँड. नर्सिंग होममध्ये गेलीस, तरी ग्रँड. मला खरं सांगितलं असतंस तर मी धावत आले नसते का?

आले असते का? शेवटच्या फोनवर तू म्हणालीस, "तुझं ते लिंबाचं लोणचं घेऊन ये. इथलं जेवण म्हणजे ओला पुठ्ठा." मी म्हटलं, इराची शाळेची सुट्टी संपू दे, नक्की येते. सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात तू गेलीस. तू मागितलंस ते लोणच्यासाठी नव्हतं, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते. घाईत होते. आज आठवत बसले, कसली घाई होती, तर आठवतसुद्धा नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट सांगते. अप्पांना अजून माहीत नाही. ते आता फार थकलेत, प्रवास होत नाही, कराडलाच असतात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "बाई बऱ्या आहेत ना?" तू गेल्यावर तीन रविवार झाले, आणि तीनही रविवारी मी सांगितलं, "बऱ्या आहेत, अप्पा." गेल्या वेळी फोन ठेवल्यावर इरा माझ्याकडे बघतच राहिली. "मम, व्हाय डिड यू से दॅट?" अप्पांना त्रास होईल, हे झालं सांगायचं कारण. खरं कारण हे की ते पुढचा प्रश्न विचारतील.

उद्या रविवार आहे. तुला वचन देते, उद्या अप्पांना सांगेन. ते रडले तर रडू देईन, कॅमेरा दुसरीकडे वळवणार नाही. आणि शेवटी बाईंजवळ कोण होतं, असं त्यांनी विचारलं, तर तेही खरं सांगेन. मी नव्हते, अप्पा.

तुझी,
वैशाली