आमच्या वाट्याचा बांध

मुर्धा, भाईंदर (प.)
१० मे १९९२

चि. सौ. रुक्मिणीस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तू पाठवलेल्या मेतकुटाबद्दल माझी गंभीर तक्रार आहे. पिशवीला तू गाठीवर गाठ मारलीस. ती सुटेना म्हणून तुझ्या वहिनीने पिशवी कापली आणि माझा पांढरा सदरा व सोसायटीचं इतिवृत्त दोन्ही पिवळे झाले. यापुढे डबा वापरावा, अन्यथा भगिनीपदाचा फेरविचार करण्यात येईल.

बाकी वृत्त असं. आमची इमारत जुन्या मिठागरावर उभी आहे, खाडीच्या बांधाच्या आतल्या अंगाला. घर घेताना हे कुणी बोललं नव्हतं. गावाची रीत अशी की पावसाळ्याआधी घरटी एक माणूस बांधावर माती टाकायला जातो. ज्याचा त्याचा तुकडा ठरलेला. यंदा गावातले दशरथ पाटील स्वतः जिना चढून आले आणि म्हणाले की तुमीपन आता बांधाच्या आतलेच, म्हनून तुमचापन वाटा काढलाय.

मी सेक्रेटरी, तेव्हा सभा बोलावली. श्रमदानाच्या थोरवीवर जो तो बोलला. मी एक सुभाषित म्हटलं. मग एकमताने ठरलं की नाक्यावरून मजूर आणून पाठवावेत. पाठवले. दशरथरावांनी त्यांना चहा पाजून परत लावून दिलं. वर निरोप असा की बांध फुटला की गावात थाळी वाजवतात, तवा भाड्याचा मानूस येत न्हाय. ज्यानं माती टाकली, त्योच धावतो. सोसायटीने या अपमानाचा निषेध नोंदवला आहे. मसुदा माझा. त्यातले समास तुला आवडले असते.

तुझी वहिनी मात्र दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या हंसाबेनना घेऊन बांधावर गेली. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरात आली. मी पाय पुसून ये म्हटलं, तर म्हणाली, तुमच्या निषेधाची एखादी प्रत द्या, त्याने पुसते.

लोभ आहेच, मेतकुटासकट वाढवावा.

तुझा दादा,
परशुराम

*

वाई
२१ मे १९९२

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सदऱ्याचं वाईट वाटलं, इतिवृत्ताचं नाही.

अंबिकावहिनींचं वेगळं पत्र आलंय. गावातल्या बायका आधी त्यांना बघून हसल्या म्हणे. मग पाटलांच्या सुनेने, उर्मिलाने, मातीची टोपली कशी झेलायची ते दाखवलं. आता लांबून हाक मारतात, ओ मास्तरीनबाय, आलीस का गो! वहिनी आणि हंसाबेन यांनी मिळून तुमच्या वाट्याचा निम्मा तुकडा भरत आणलाय, निम्मा तसाच आहे. वहिनींनी किती उत्साहाने लिहिलंय! तुमचा उल्लेख फक्त एकदा, रक्तदाबाच्या गोळ्यांच्या संदर्भात.

आमच्या यांचं म्हणणं, दादा चिखलात उतरले तर आधी चिखलाची व्युत्पत्ती सांगतील, तोवर भरती येईल. मी हसले, पण मला ते आवडलं नाही. साधं विचारते, साधं सांगा, संस्कृत नको. तुम्ही बांधावर गेलात का?

धाकटी म्हणून टोचून बोलले. माया पातळ होऊ देऊ नये.

आपली,
रुक्मिणी

*

मुर्धा
९ ऑगस्ट १९९२

चि. सौ. रुक्मिणीस,
अ. आ. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. शाळा सुरू झाली, तपासायच्या वह्या आल्या, वगैरे. तू यातलं काही मानणार नाहीस.

एकदा गेलो होतो. चप्पल चिखलात रुतली आणि मी ती शोधत राहिलो. मागे टोपल्यांची रांग खोळंबली. मास्तर, जरा बाजूला व्हता का, असं उर्मिलाने फार अदबीने विचारलं. मी बाजूला झालो, तो घरीच आलो. दुसऱ्या दिवशी सभा होती, त्यानंतर पाऊस.

आमचा निम्मा तुकडा हातभर खुजा राहिलाय. आषाढी अमावास्येला पाणी त्याच्या काठाला लागून परत गेलं. येत्या गुरुवारी पौर्णिमा. उधाण मोठं, आणि वर पाऊस असला तर आधी दशरथरावांचं भात जाईल, मग आमचा तळमजला. ते काल येऊन गेले. मला वाटलं, ऐकवतील. ते एवढंच म्हणाले की थाळी वाजली की गाव येनार, तुमचा तुकडा म्हनून कोन थांबनार न्हाय. सोसायटीने ठराव केलाय की तळमजल्यावाल्यांनी सामान वर न्यावं आणि इतरांनी घाबरू नये.

मी खाडीवर जातो, पाणी बघतो, घरी येतो, पुन्हा जातो. परवा वर्गात सोपी रूपं चुकलो. मुलंच एकमेकांकडे बघायला लागली.

अंबिका आणि हंसाबेन यांचं ठरतंय, कंदील कुणी घ्यायचा, फावडं कुठे ठेवायचं. दोघी बोलतात तेव्हा मी त्याच खोलीत असतो. येणार का, असं अंबिकेने मला विचारलेलं नाही. रागावली असती तर मला उत्तर सुचलं असतं. ती रागावलेली नाही गं. तिने मला मोजलेलंच नाही.

तू साधं विचारलंस, म्हणून साधं लिहितो. गुरुवारी थाळी वाजेल, ती जिना उतरून जाईल, आणि मी डोळे मिटून अंथरुणात पडून राहीन, याची मला भीती वाटतेय.

लोभ असू दे, आहे तेवढा तरी.

परशुराम