काढ्याचे पाच महिने

मंगळवार, दिवेलागण

जाऊबाईंनी स्तनातली गाठ आधी मला दाखवली. घरात सायन्स शिकलेली मी एकटी, टेमघरच्या शाळेत तेच शिकवते. मी म्हटलं, आधी प्रतिकारशक्ती वाढवू. पाच महिने रोज गुळवेलीचा काढा दिला. स्टीलचा पेला, काठोकाठ.

आज दवाखान्यात त्या बाहेर बसल्या असताना डॉक्टरांना विचारलं, पांढऱ्या पेशी लढत नाहीत का? वर्गात मी त्यांना सैनिक म्हणते. ते म्हणाले, "काही लढतात. पण गाठीभोवती जमलेल्या बऱ्याचशा तिच्याच कामाला लागतात. तिला रक्त मिळवून देतात, पसरायला वाट करून देतात."

मी विचारलं, म्हणजे काढ्यानं त्यांनाच बळ दिलं?

"काढ्याचा दोष नाही. उशीर झाला. काखेत पोचलंय."

उशीर कुणी केला, ते त्यांनी विचारलं नाही. रिक्षात आमचं वळ गाव येईपर्यंत मी जाऊबाईंना फक्त ऑपरेशनचं सांगितलं. बाकीचं कसं सांगू? आणि नववीला तो धडा आता कोणत्या तोंडानं शिकवू?

घरी आल्यावर त्यांनीच पेला पुढे केला. "आज काढा न्हाय केलास? त्याच्यावरच तर उभी हाय मी."

मी काढा उकळला. पेला पुन्हा काठोकाठ भरला.