भिंतीवरची उष्टी रोटी

मी, मस्तुरा याकुबोवा, वय अडुसष्ट, धंदा तंदुरात रोट्या भाजण्याचा, राहणार कुंभारमोहल्ला, चिनोरकंद, फरगाना खोरे, आज आपल्या अंगणात बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. छातीची खात्री डॉक्टर देत नाहीत, म्हणून घाई. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. असलंच तर ते समोरच्या बाजेवर बसून माझाच चहा पिणाऱ्या माणसावर आहे. त्याचं पुढे येईल.

कलम १. घर, अंगण आणि जर्दाळूचं झाड माझा एकुलता एक मुलगा इल्होम याला. तो अकरा वर्षं रशियात कामाला आहे. तो येईपर्यंत माझी शिकाऊ नझोकत हिने घर राखावं. डावीकडच्या शेजाऱ्यांनी कुंपण सरकवण्याचा विचार करू नये, मापं कागदावर लिहून ठेवली आहेत.

कलम २. तंदूर, परात आणि रोटीवर टोचायचा माझा ठसा नझोकतला. इथे प्रत्येकीचा ठसा वेगळा असतो; माझ्या ठशात मधे फूल आणि भोवती सात टोचे. पोरी, जपून वापर. याच ठशापायी माझ्या दारात पोलीस आले होते.

नऊ वर्षांपूर्वी बाजारातल्या सराफाकडे चोरी झाली. चोरांनी टाकून दिलेल्या गाडीत माझ्या ठशाची रोटी सापडली. अर्धं गाव माझ्याकडून रोटी नेतं. त्या सकाळी पोलीस ठाण्यातही माझ्याच रोट्या गेल्या होत्या, पण ठाण्याची झडती कोणी घेतली नाही.

कलम ३. इल्होमची रोटी. आमच्यात घरचं माणूस लांब निघालं की रोटीचा एक घास चावून निघतं. उरलेली रोटी आई भिंतीवर टांगते. परत आल्यावर ती त्यानेच संपवायची, तोवर दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. त्या दिवशी झडतीला पोलीस कप्तान शोकिर घरात शिरला. त्याच्यामागे टीव्हीवाली लोला आणि तिचा कॅमेरा.

"खाला, ही रोटी कुणी चावलीय?"

"माझ्या इल्होमनं. दोन वर्षं झाली त्याला जाऊन."

"दोन वर्षांची रोटी? आम्हाला काय खुळं समजलात? चोर इथंच जेवून गेलाय."

त्याने रोटी काढायला हात वर केला आणि मी झेपावले. चूक म्हणाल तर ती एवढीच. कानातली मागितली असती तर काढून दिली असती, नवऱ्याचं घड्याळही दिलं असतं. रोटी मात्र मी छातीशी धरली. दोन शिपायांनी माझं एकेक बोट उघडून ती काढून घेतली. संध्याकाळच्या बातम्यांत सगळ्या गावाने पाहिलं, 'चोराची आई पुरावा लपवताना'. शेजारी इल्होमचा फोटो, माझ्याच भिंतीवरून उचललेला. खाली लिहिलं होतं, फरार.

इल्होमने तिकडे कोणाच्या तरी मोबाइलवर ते पाहिलं. त्याचा फोन आला.

"आई, आलो तर विमानतळावरच धरतील गं."

"मग नको येऊस," मी म्हणाले. हे मी माझ्या तोंडाने बोलले. तो गेला तेव्हापासून, अकरा वर्षं, त्याला पाहिलेलं नाही.

खरे चोर आठ महिन्यांनी सापडले, लांबच्या गावचे. पेपरात चार ओळी आल्या. टीव्हीवर तेवढंही नाही. इल्होमचं नाव फरार यादीतून निघालं नाही. मी ठाण्याच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या की तिथला कुत्राही मला ओळखतो. उत्तर एकच: त्या वेळच्या अधिकाऱ्याचा जबाब हवा, आणि तो तर निवृत्त झाला. रोटी अजून मुद्देमालात पडून आहे. पावती क्रमांक ४१७, माझ्या कुराणाच्या कव्हरात ठेवली आहे. ती इल्होमला.

कलम ४. टीव्हीचा संच लोलाला. नऊ वर्षं त्यावर पिठाचं फडकं आहे. त्या दिवशी जाताना तिने दोन गरम रोट्या नेल्या आणि म्हणाली, "खाला, काय चव आहे हो तुमच्या हाताला." मग जाऊन बातमी दिली. मी तिला माफ करत नाही. मृत्युपत्र वाचताना हे वाक्य गाळू नये.

कलम ५. समोर बसलेला माणूस म्हणजे तोच कप्तान शोकिर. त्याचा मुलगा अझमत आज कोरियाला कामाला निघाला आहे. ताश्कंदची टॅक्सी चार वाजताची. शोकिरच्या बायकोने हट्ट धरला, घासाची रोटी मस्तुराच्याच तंदुरातली हवी. म्हणून टोपी हातात धरून आला.

मी विचारलं, "त्या दिवशी तुला ठाऊक नव्हतं, ती रोटी कसली ते?"

"खाला, वरून फोनवर फोन येत होते. कॅमेरा दारात. कुणीतरी चोर म्हणून दाखवायलाच हवा होता."

"मी ते नाही विचारलं."

मी कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. आधी खरं काय ते लिही, मग रोटी, असा माझा विचार होता. टॅक्सीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. अझमत पिशवी घेऊन दारात उभा, कधी बापाकडे बघतोय, कधी माझ्याकडे. माझ्याच्याने ते बघवेना. निघालेल्या लेकराची रोटी अडवली तर माझ्यात आणि त्या शिपायांत फरक काय उरला? मी तंदुरातून रोटी काढून त्याला दिली. त्याने घास चावला, उरलेली बापाच्या हातात दिली आणि गेला.

आता माझ्या हातात काही नाही. शोकिर अजून बसला आहे, उष्टी रोटी मांडीवर घेऊन. खाली त्याची सही नसेल, तर वाचणाऱ्यांनी समजावं की चहा संपवून तो उठून गेला.

स्थळ: चिनोरकंद. दिनांक: १९ ऑक्टोबर २०२३.

लिहून ठेवणार: मस्तुरा याकुबोवा (सही)

साक्षीदार पहिले: हमिदुल्ला रझोकोव, मोहल्ल्याचे प्रमुख (सही)

साक्षीदार दुसरे: शोकिर तुर्सुनोव, निवृत्त कप्तान (सही). मला ठाऊक होतं. मी फौजेत गेलो तेव्हा माझ्या आईनेही अशीच रोटी टांगली होती. इल्होमवर काहीही पुरावा नव्हता. उद्या सकाळी ठाण्यात हाच जबाब देतो आणि पावती ४१७ ची रोटी सोडवून आणतो. हात लावणार नाही, फडक्यात धरून आणीन.