तोंड न उघडता बोलावणं

४ मार्च
‘बेकन’ या एका इंग्रजी शब्दाची खरी किंमत: लेकीला दोन आईस्क्रीम, वर तिचं ‘बाबा, हे सहावीत असतं’ ऐकणं, आणि त्या नादात एका गिऱ्हाइकाला दोन्ही डावे बूट बांधून देणं. तरी स्वस्तात पडला. अर्थ: हाताने खुणावून जवळ बोलावणं. तोंड उघडावंच लागत नाही!

धाकट्या भावाशी आठ महिने अबोला. गिऱ्हाइकांदेखत मी म्हणालो, तुला धंद्यातलं ओ की ठो कळत नाही. तो उठला, समोर घड्याळदुरुस्ती थाटली. आता महिनाअखेर गाव सोडतोय म्हणे. जाऊ द्यायचं नाही. पण आधी मी बोलणार नाही, रस्ताही ओलांडणार नाही. मोठा आहे मी. शून्यातून चपलांचं दुकान उभं केलंय. या रस्त्यावर एक अनवाणी माणूस दाखवा!

५ मार्च, सकाळी
दारात उभा राहून एक बोट वाकवलं. टॅक्सी थांबली. ड्रायव्हरने विचारलं, कुठे? म्हटलं, कुठेच नाही. पुढचं त्याचं बोलणं लिहिण्याजोगं नाही. धाकट्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

रात्री
लेक म्हणते, एका बोटाने वेटरला बोलावतात, काकाला नाही.

७ मार्च
अख्खा हात हलवला. धाकट्याने शटर अर्धं खाली ओढलं. ही म्हणाली, अहो, बोलावताय की हाकलताय? हिला टेक्निक कळत नाही. आरशासमोर सराव केला. आरशातला माणूस दर वेळी पुढे आला.

९ मार्च
दोन्ही हात. तीन गिऱ्हाइकं आत आली. शब्द धंद्याला उत्तम. धाकटा मात्र खोकी बांधतोय. त्याला सुतळीची गाठ धड मारता येत नाही. लहानपणापासून मीच मारून द्यायचो.

११ मार्च, दुपारी
खांदा धरलाय. बेकनला सुट्टी. उगाच दारात उभा होतो. धाकट्याने डोळ्यावरचं भिंग काढलं, माझ्याकडे पाहिलं. हात नाही, बोट नाही. शेजारचं रिकामं स्टूल फडक्याने पुसलं आणि पुन्हा घड्याळात मान घातली.

ही मागून ओरडली, अहो, असे कुठे निघालात?

पोचलो तर धाकटा म्हणाला, दादा, चपला कुठेत? म्हणजे आधी तोच बोलला. हे लिहून ठेवतो. मग खोक्यांच्या गाठी सोडायला त्याने मलाच बसवलं.

रस्ता चांगलाच तापला होता. पायात काही नव्हतं.